ती थांबते, कारण तिला जाता येत नाही

‘फोटोच तर काढतो, दगड थोडाच मारतो?’ डिसेंबर ते मे या काळात दख्खनच्या माळांवर हे वाक्य सारखं कानावर येतं. सासवड, सुपे, इंदापूर, नान्नज, कुठेही जा. बुटक्या हिवरावर सापमार गरुडाचं घरटं असतं, ओढ्याकाठच्या मातीच्या कड्यात शृंगी घुबडाची पिल्लं असतात, आणि समोर ट्रायपॉड उभे असतात. असं म्हणणाऱ्यांत डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. पक्ष्यांवर त्यांचं प्रेम आहे, यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. ते नीट मांडून नीट खोडून काढायला हवं.

ते म्हणतात: आमच्याकडे लांब लेन्स असते, कॅमोफ्लाजचं कापड असतं, घरट्याला आम्ही हात लावत नाही. पक्षी शांत बसलेला असतो, फोटोतच बघा. त्याला माणसाची सवय होते. शेतकरी रोज त्याच झाडाखालून जातो, त्याला कुणी काही म्हणत नाही. आमचे फोटो पाहून लोकांना शिकारी पक्ष्यांबद्दल प्रेम वाटू लागतं, आणि प्रेम वाटलं की लोक वाचवायला पुढे येतात. खरा शत्रू जेसीबी आहे, कीटकनाशक आहे, विजेची तार आहे. मग बोट आमच्याकडेच का?

‘पक्षी शांत होता’ इथून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. एरवी हाच पक्षी तुम्हाला किती जवळ येऊ देतो? माळावरच्या खांबावर बसलेला सापमार गरुड गाडीचं दार उघडल्याबरोबर उडतो. ज्याच्या एका बऱ्या फोटोसाठी हंगामच्या हंगाम फिरावं लागतं, तोच पक्षी घरट्यावर असताना तासन् तास समोर बसतो. हा फरक कशामुळे पडला? तुमच्यावर त्याचा एकाएकी विश्वास बसला? मादी थांबते, कारण तिच्या पोटाखाली अंडं आहे. वर्षभरात हीच एक जागा अशी असते, जिथून तिला निघून जाता येत नाही. घरट्याचा फोटो सोपा असतो तो याच कारणाने. त्या फोटोत जी जवळीक दिसते ती पक्ष्याने दिलेली नसते, त्याच्या मजबुरीतून काढून घेतलेली असते.

‘पहिल्या दिवशी उडाली, आठवड्याने उडेनाशी झाली, म्हणजे सवय झाली,’ असं सांगतात. पण पिल्लं जसजशी मोठी होतात तसतसे आईबाप त्यांच्यासाठी जास्त धोका पत्करतात. अंडी नुकतीच घातलेली असताना घरटं सोडून देणारा पक्षी पिल्लं वाढल्यावर सोडत नाही, कारण तोवर त्याचा सगळा हंगाम त्या पिल्लांत गेलेला असतो. आणि बाहेरून स्थिर दिसणारा पक्षी आतून स्थिर असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? अंटार्क्टिकातल्या अॅडेली पेंग्विनच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा अंड्यावर बसलेला पक्षी जागचा हलत नसतानाही माणूस जवळ येताच ठोके वाढलेले आढळले. कॅमेऱ्यात ठोके येत नाहीत. ‘शांत’ हा शेरा फोटोग्राफरचा असतो.

आता उडालीच तर काय होतं, ते पाहू. आपल्याकडे शिकारी पक्ष्यांची वीण नेमकी कोरड्या महिन्यांत येते. सापमार गरुड एकच अंडं घालतो. ते सुमारे दीड महिना उबवायचं, पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ पिल्लाला घरट्यात सांभाळायचं. घरटं झाडाच्या माथ्यावर, सपाट, उघडं. मार्च संपता संपता माळावर दुपारचं ऊन चाळिशीच्या आसपास जातं. कापसाच्या बोंडासारख्या दिसणाऱ्या लहान पिल्लाला स्वतःच्या शरीराचं तापमान अजून सांभाळता येत नाही. मादी पंख अर्धवट पसरून, चोच उघडी टाकून, स्वतः धापा टाकत त्याच्यावर सावली धरते. तिच्या उडण्याने ही सावली जाते. वीस मिनिटांची, अर्ध्या तासाची गैरहजेरी त्या उन्हात जीवघेणी ठरू शकते. तुम्ही ‘थोडा वेळ गेलं की येईलच परत’ म्हणून थांबता, आणि तुम्ही थांबलेले आहात म्हणूनच ती येत नाही.

त्यात डहाळ्या छाटण्याचा प्रकार. समोरची फांदी फ्रेममध्ये येते, डोळ्यावर सावली पडते, म्हणून ती मोडायची किंवा दोरीने बाजूला ओढून बांधायची. पण पक्ष्याने ती जागा निवडली होती ती त्याच फांदीसाठी. दुपारचं ऊन तिने अडवलं होतं, डोमकावळ्याची नजरही तिनेच अडवली होती.

शृंगी घुबडाचं तर आणखी वाईट. त्याचं घरटं म्हणजे कड्यातल्या मातीची उघडी खबदाड, कधी जमिनीपासून हातभर उंचीवर. तिथे तीन-चार अंडी, तेहतीसेक दिवस उबवण, आणि पिल्लं जवळजवळ सहा महिने आईबापांवर अवलंबून. दिवसा घुबड हललं की कावळे त्याच्यामागे लागतात, घारी झेपा घालतात. कलकलाट करणाऱ्या त्या थव्याला मग उघडी पडलेली अंडीही दिसतात. माणसांच्या येण्याजाण्याने ओढ्यात जी पायवाट पडते, तिच्यावरून मोकाट कुत्रीही जातात. पिसं फुटलेली पण उडता न येणारी पिल्लं कुणी फार जवळ आलं की घाबरून खाली उडी टाकतात. पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी अडकवणारे अभ्यासक म्हणूनच या वयाच्या पिल्लांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. ‘घरट्याला हात लावत नाही’ हे या सगळ्यापुढे कोणतं उत्तर झालं?

‘आम्ही दोनच तास बसलो’ हे आणखी एक. तुम्ही दोन तास बसलात, हे खरं असेल. तुमच्या आधी सकाळच्या उन्हासाठी एक गट बसून गेला होता, तुमच्यानंतर संध्याकाळच्या उन्हासाठी दुसरा येणार आहे. प्रत्येक जण आपापले तास मोजतो. पक्ष्याला सगळ्यांचे मिळून भोगावे लागतात. चिमणीसारखा पक्षी दिवसात शेकडो वेळा घास आणतो, त्यातले दोन-चार चुकले तर भरून निघतात. गरुड दिवसात मोजकेच घास आणतो. साप पकडून आणलेला नर वरून माणसं पाहतो, घिरट्या घालतो, लांबच्या झाडावर जाऊन बसतो, आणि त्या दिवसाचा घास पिल्लापर्यंत पोहोचत नाही. बापाच्या चोचीतून लोंबणारी सापाची शेपटी पकडून पिल्लू तो साप बाहेर ओढतं, हा क्षण सगळ्यांना हवा असतो. त्याच क्षणाच्या आड तुम्ही उभे असता. आणि ज्या जातींच्या घरट्यात दोन पिल्लं असतात, तिथे अन्न तोकडं पडलं की धाकट्याचा बळी आधी जातो.

‘पण आम्ही फोटो काढले त्या घरट्यातली पिल्लं उडाली ना!’ कुणी पाहिलं? फोटो मिळाला की माणूस दुसऱ्या घरट्याच्या शोधात निघतो. ज्या घरट्यात पुढच्या आठवड्यात अंडं थंड पडलं, तिथे फोटो काढायला काहीच उरत नाही, त्यामुळे त्या घरट्याची नोंदही कुठे उरत नाही. पिल्लू आकाशात झेपावेपर्यंत पुढचे दोन महिने लांबून पाठपुरावा केला असेल, तरच ‘नुकसान झालं नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळतो. तेवढी चिकाटी असलेले लोक मला भेटले आहेत. ते घरट्याजवळ जात नाहीत.

सवयीकडे पुन्हा येतो. समजा, खरंच सवय झाली. मग ती कुणाची झाली? पक्ष्याला कॅमेरावाला आणि गलोलवाला वेगळा ओळखता येत नाही. घुबडांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाशी येतो. ‘ट्रॅफिक’ या संस्थेसाठी अबरार अहमद यांनी केलेला घुबडांच्या व्यापारावरचा अहवाल २०१० साली आला. भारतातल्या सुमारे तीस जातींपैकी पंधरा जाती बाजारात सापडल्याची नोंद त्यात आहे. दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्यासाठी मागणी वाढते, आणि कानांसारखे पिसांचे तुरे असलेल्या मोठ्या घुबडांना जास्त भाव येतो. शृंगी घुबड नेमकं तसंच. आता त्याच्या पिल्लांचा फोटो टाकताना गावाचं नाव लिहिलं नाही, एवढ्याने भागतं का? मागची टेकडी, तिच्यावरचा टॉवर, ओढ्याचं वळण हे स्थानिक माणसाला पुरतं. आणि नाव खासगीत विचारलं की ‘तुलाच सांगतो’ म्हणत ते पुढे जातंच. त्यातून हे पक्षी वर्षानुवर्षं त्याच कड्याला, त्याच झाडाला परत येतात. एकदा फुटलेलं ठिकाण कायमचं फुटतं.

शेतकऱ्याचा दाखला तर मला सर्वांत जास्त खटकतो. शेतकरी, मेंढपाळ झाडाखालून जातो, आणि जातो. तो थांबत नाही, वर टक लावून बघत नाही, त्याच्या हातात पक्ष्यावर रोखलेली नळी नसते. थांबून रोखून बघणारा प्राणी म्हणजे भक्षक, एवढं पक्ष्याला पक्कं कळतं. ज्या धनगराच्या कळपाशेजारी गरुडाने घरटं केलं, त्याने तिथे पिढ्यान्पिढ्या काही न करता जे कमावलं ते तुम्ही आपल्या खात्यात कसं जमा करता?

आता जनजागृती. घरट्यातल्या पिल्लाला भरवणाऱ्या गरुडाचे फोटो आजवर असंख्य निघाले. त्यातल्या कोणत्या फोटोने कोणता माळ वाचला? कॅमेऱ्याने पक्षी वाचवल्याचं उदाहरण आहे, आणि ते मी आनंदाने देतो. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाजवळ, सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेला निघालेल्या अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल चालली होती. एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले जात असल्याचा अंदाज होता. रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कत्तल चित्रित करून जगापुढे ठेवली. गावकरी, चर्च, वनखातं, संस्था सगळे हलले आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथली जाळी उतरली. त्या चित्रणासाठी एकाही पक्ष्याला घरट्यावर अडकवावं लागलं नव्हतं. माणसांचा गुन्हा दाखवणारा तो कॅमेरा होता. माळावर मुरूम उपसणाऱ्या यंत्राचे, रोहित्रावर जळून पडलेल्या घारीचे, विष घातलेल्या मढ्याचे फोटो तुमच्यापैकी किती जणांनी काढले?

गिधाडांचंही तेच. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८०च्या दशकात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची साडेतीनशेवर घरटी होती. २००३ पर्यंत एकही उरलं नाही. विभू प्रकाश यांनी वर्षामागून वर्ष ती घरटी मोजली म्हणून ही घसरण जगाला कळली. पुढे २००४ मध्ये मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातून डायक्लोफेनॅक हे गुरांचं औषध कारण म्हणून सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. घरट्यांचं निरीक्षण किती मोलाचं असतं, हे या हकिकतीतून कळतं. मोजणाऱ्याला घरटं हवं असतं, पण घरट्यातल्या मादीच्या डोळ्यातली चमक नको असते. ‘मग संशोधक पिल्लं हाताळतात, त्यांना चालतं?’ असं विचारणाऱ्याला हेच सांगायचं. त्यांना परवानगी घ्यावी लागते, कशासाठी जातो ते आधी लिहून द्यावं लागतं, किती वेळा जायचं ते ठरवावं लागतं, हाती काय लागलं ते छापावं लागतं. तुमच्या फोटोत यापैकी काय आहे?

‘जुने थोर लोकही घरट्याचेच फोटो काढत’ हेही खरं. त्या काळी फिल्म मंद होती, भिंगं तोकडी होती, पक्षी ठरावीक ठिकाणी परत येईल अशी जागा म्हणजे घरटंच. ब्रिटनमधले पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ मध्ये घरटं राखणाऱ्या घुबडाच्या हल्ल्यात आपला डावा डोळा गमावला. त्याच ब्रिटनने १९८१च्या कायद्यात पहिल्या यादीतल्या पक्ष्यांना, त्यांत सोनेरी गरुड, बहिरी ससाणा आणि गव्हाणी घुबडही आलं, घरट्याजवळ परवान्याशिवाय त्रास देणं गुन्हा ठरवलं. आज सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि अंधारातही चालणारा सेन्सर खांद्यावर असताना हॉस्किंगच्या काळाची सबब कशी चालेल? उडता गरुड आज कुणालाही टिपता येतो. हवेतून सापावर झेपावणारा, एका जागी पंख फडफडवत तरंगणारा सापमार गरुड घरट्यावर बसलेल्या गरुडापेक्षा कितीतरी देखणा दिसतो. फक्त त्यासाठी माळावर दिवस घालवावे लागतात.

मग लोकांनी घरटी बघायचीच नाहीत का? बघायची, जरूर बघायची. स्कॉटलंडमध्ये नामशेष झालेला कैकर, म्हणजे भिगवणला हिवाळ्यात येणारी तीच मासेमार घार, १९५०च्या दशकात लॉख गार्टनला परतला. १९५८ मध्ये त्याची अंडी चोरीला गेली. पक्षी संरक्षण संस्थेने पुढच्या वर्षी दोन गोष्टी एकदम केल्या: घरट्यावर रात्रंदिवस पहारा ठेवला आणि लांब अंतरावर निरीक्षणगृह बांधून ते लोकांसाठी उघडलं. तेव्हापासून तिथे लाखो लोकांनी दुर्बिणीतून कैकराची पिल्लं वाढताना पाहिली. अमेरिकेत आयोवामधल्या डेकोराच्या टकल्या गरुडांचं घरटं २०११ पासून जगभरातले लोक घरबसल्या पाहू लागले, आणि त्यावरच्या कॅमेऱ्याचं काम विणीचा हंगाम नसताना उरकलं जातं. त्याच टकल्या गरुडासाठी अमेरिकी सरकारच्या २००७च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की विणीच्या काळात घरट्यावरून दिसेल अशा ठिकाणी पायी फिरणाऱ्यानेही ३३० फूट लांब राहावं. संख्येने पुन्हा सावरलेल्या पक्ष्यासाठी हे अंतर आहे. आपल्या माळावर मात्र एकुलत्या जोडीपासून तीस फुटांवर खुर्ची टाकली जाते.

तीनशे-चारशे मीटरवरच्या उंचवट्यावर स्पॉटिंग स्कोप लावून बसा. नर हिरवी डहाळी घेऊन येतो, मादी ती घरट्यात खोचते. पिल्लू दुपारभर आईच्या सावलीबरोबर सरकत राहतं. पंख फुटल्यावर ते वाऱ्याकडे तोंड करून उड्या मारायला शिकतं, आणि पालकांना तुम्ही तिथे असल्याची दखलही घ्यावी लागत नाही. जवळच्या हाइडमधून यातलं फारसं दिसत नाही, कारण तिथे दिसतो तो तुमच्याकडे लक्ष लागलेला पक्षी.

राहिला अधिवासाचा मुद्दा. माळ नांगरले जातायत, झाडं लावून बुजवले जातायत, सौर पट्ट्यांखाली जातायत, हे शंभर टक्के खरं. त्यावरून निष्कर्ष मात्र उलटा निघतो. घरट्याला योग्य झाड पूर्वी दहा ठिकाणी होतं, आता एका ठिकाणी आहे, म्हणून त्या एका झाडाखाली उभं राहणं आज जास्त घातक आहे. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत एक फसलेलं घरटं म्हणजे त्या जोडीचं सबंध वर्ष वाया.

आणि ‘यात बेकायदा काय?’ असं विचारणाऱ्यांनी १९७२चा वन्यजीव (संरक्षण) कायदा उघडावा. कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं समाविष्ट आहे. कलम ९ शिकारीवर बंदी घालतं. ही बंदी अभयारण्याच्या हद्दीपुरती नाही, तुमच्या मित्राच्या शेतातल्या बाभळीलाही ती लागू आहे. मादीला अंड्यावरून उठवणारा माणूस शिकारीच्या व्याख्येत बसतो, त्याच्या मनात कितीही प्रेम असो.

म्हणून वनखात्याने पाट्या लावून थांबू नये. फोटोच्या फाइलमध्ये तारीख असते, वेळ असते, लेन्सची नोंद असते. काढणाऱ्याचं नाव तर तो स्वतः कोपऱ्यात टाकतो. चौकशी सुरू करायला एवढं पुरेसं आहे. स्पर्धांच्या आयोजकांनी आणि मासिकांच्या संपादकांनी शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांचे जवळून काढलेले फोटो सरसकट परत पाठवावेत, कितीही सुंदर असले तरी. पैसे घेऊन घरटी दाखवणाऱ्यांकडे जाणं बंद करा, मग ते ती दाखवणं बंद करतील. आणि ज्यांना घरट्यांची ठिकाणं ठाऊक आहेत त्यांनी ती कुणालाही सांगू नयेत, विचारणारा कितीही जुना मित्र असो. मी विचारलं, तर मलाही सांगू नका.